बोटं सगळी हजर, पण ठेका?

क्लासिकल पियानिस्ट जॅझ वाजवायला बसला की आपण एक तर भारावून जातो, नाही तर नाक मुरडतो. दोन्ही सोपं आहे. पण नीट ऐकून मार्क द्यायचे तर ते कशाला द्यायचे?

आधी एक कबुली. माझ्याकडे पियानोच्या आठव्या ग्रेडचं सर्टिफिकेट आहे. तेही डिस्टिंक्शनचं. आईने ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय आणि पाहुणे आले की चहाच्या आधी ती त्याच्याकडे बोट दाखवते. बाख, मोझार्ट, थोडाफार शोपँ, समोर कागद ठेवा, वाजवून दाखवते.

तर झालं असं, की ऑफिसच्या ॲन्युअल डेसाठी आमच्या टेस्टिंग टीममधल्या एकाने बँड जमवला. तो स्वतः बास वाजवतो. ॲडमिनमधला एक जण ड्रम्सवर. ‘‘तू पियानो शिकलीयेस ना? मग बस की!’’ मी खूश. पहिल्या प्रॅक्टिसला गेल्या गेल्या विचारलं, ‘‘नोटेशन कुठाय?’’ त्याने एका पाठकोऱ्या प्रिंटआउटवर बारा चौकोन काढले, प्रत्येकात एकेक कॉर्ड लिहिली आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

‘‘ब्ल्यूज इन एफ. दोन राउंड आम्ही, मग तू.’’

‘‘मग मी काय?’’

‘‘मग तू वाजव.’’

वाजवलं. म्हणजे बोटं हलली. वर जाणारी स्केल, खाली येणारी स्केल, मध्ये एक झकास ट्रिल. अर्ध्या मिनिटात त्याने हात वर केला. ‘‘अगं, बास मी वाजवतोय ना? मग डाव्या हाताने माझीच नोकरी कशाला करतेस?’’

त्या वर्षी ॲन्युअल डेला मी सूत्रसंचालन केलं.

तेव्हापासून मला एक खोड लागलीये. जगातला कुठलाही मोठा क्लासिकल पियानिस्ट जॅझ वाजवतोय असं कळलं, की मी कान टवकारून बसते. यालाही माझ्यासारखंच होतं का, हे बघायला. थोडा दुष्टपणा आहे, मान्य. पण इतकी वर्षं ऐकून एक गोष्ट लक्षात आली. आपण या मंडळींना मार्क देताना पेपरच चुकीचा तपासतो.

दोन सोप्या प्रतिक्रिया

पहिली प्रतिक्रिया भारावलेल्यांची. ‘काय बोटं आहेत यार!’ बोटं असणारच. सहाव्या वर्षापासून रोज चार-चार तास घासलेली आहेत. पण जॅझमध्ये बोटांचा वेग हा एंट्री पास असतो, बक्षीस नाही. आणि त्यात आर्ट टेटम नावाचा जवळपास अंध माणूस असा काही वाजवून गेलाय, की खुद्द होरोविट्झसारखा क्लासिकलचा बादशहा त्याचा चाहता होता. म्हणजे वेगाच्या शर्यतीतही क्लासिकलवाल्यांनी फार हवेत राहायचं कारण नाही.

दुसरी प्रतिक्रिया नाक मुरडणाऱ्यांची. ‘यांना जमणारच नाही, यांच्या रक्तातच नाही.’ हेही तितकंच आळशी. हर्बी हॅनकॉकने अकराव्या वर्षी शिकागो सिंफनीबरोबर मोझार्ट वाजवला होता. बिल इव्हान्स तर कॉलेजात रीतसर क्लासिकल पियानो शिकला. क्लासिकल शिकणं हा काही आजार नाही, की एकदा झाला म्हणजे जॅझ बाद.

मग ऐकायचं काय? माझा फंडा सोपा आहे. तीन गोष्टी. ठेका, डावा हात आणि पुढचा सूर.

ठेका : गणित बरोबर, चाल चुकली

एका मात्रेचे दोन तुकडे करा. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. जॅझमध्ये स्विंग वाजवताना पहिला तुकडा लांबतो, दुसरा आखडतो. किती? इथेच गोची आहे. संथ लयीत फरक जास्त असतो, लय वाढत गेली की कमी होतो आणि फार जलद लयीत दोन्ही तुकडे जवळपास सारखे होतात. हे प्रमाण कागदावर लिहिता येत नाही. क्लासिकलवाला मात्र हिशेब करून बसतो : तीन भाग करा, दोन पहिल्याला, एक दुसऱ्याला. गणित अगदी बरोबर येतं आणि ऐकायला टांग्याचा घोडा दुडक्या चालीने निघाल्यासारखं वाटतं.

दुसरी गंमत लयीची. शोपँ वाजवताना वादक एखाद्या सुरावर रेंगाळतो, मग जरा धावतो. म्हणजे लयच मागेपुढे होते. एकटाच बसलेला असतो, अडवणार कोण? जॅझमध्ये बास आणि ड्रम्स आपल्या चालीने चालत राहतात आणि पियानिस्ट त्यांच्या वर रेंगाळतो. आपल्याकडे तबल्याचा ठेका चालू असतो, गायिका बोल मागे ओढत-ओढत नेते आणि समेला मात्र बरोबर हजर होते, तसं. क्लासिकलवाला इथे सवयीने लयच ओढायला जातो. मग ड्रमर बिचारा वाट बघत बसतो.

आणि तिसरं म्हणजे सफाई. आम्हाला क्लासमध्ये वर्षानुवर्षं एकच सांगितलं गेलं : सगळे सूर सारखे, मोत्याच्या माळेसारखे. जॅझमध्ये काही सूर मुद्दाम गिळायचे असतात. निम्मा दाबायचा, ऐकू आला तर आला. ख्याल गाणाऱ्या बाईंनी लावणी म्हटली तर सूर एकही चुकणार नाही. पण ठसका आला नाही, तर फडावरचा प्रेक्षक उठून विडी ओढायला जाईल.

डावा हात : दुसऱ्याची नोकरी

क्लासिकल पियानिस्ट हा एकटा माणूस असतो. खालचा आधार, मधली भर, वरची चाल, सगळं त्याचंच. जॅझच्या ट्रायोमध्ये खालचा आधार बासवाल्याकडे असतो. म्हणून तिथला पियानिस्ट डाव्या हातात कॉर्डचा मूळ सूर पुष्कळदा वाजवतच नाही. वरचे दोन-तीन सूर तेवढे ठेवतो, तेही मधूनमधून, जागा बघून. क्लासिकलवाला दहाही बोटं कामाला लावतो, त्यात पेडलही दाबून धरतो. खाली नुसता चिखल.

हे मोजायचं कसं? पियानो ऐकूच नका. फक्त बासकडे कान द्या. तो सुटा-सुटा ऐकू येतोय का? पियानिस्टने काही वाजवल्यावर बास किंवा ड्रम्स त्याला उत्तर देतायत का? आणि ते बोलल्यावर हा गप्प बसतोय का? बिल इव्हान्सच्या ट्रायोने 25 जून 1961 रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये जे वाजवलं, ते ऐका. बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन. कुणी कुणाच्या मागे नाही, तिघं बोलतायत. लाफारो त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कार अपघातात गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. तिघांचं ते बोलणं तिथेच थांबलं.

पुढचा सूर : माहीत आहे की नाही?

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पुढचा सूर वादकाला आधीपासून माहीत आहे का?

तुम्ही-मी रोज हे बघतो. एक जण प्रेझेंटेशन पाठ करून येतो. चकाचक स्लाइड्स, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग क्लायंट तिसऱ्याच स्लाइडला प्रश्न विचारतो आणि साहेबांचा चेहरा पांढरा पडतो. दुसऱ्याच्या स्लाइड्स यथातथा, पण प्रश्न आला की तो खुर्ची पुढे ओढतो. जॅझ म्हणजे तो प्रश्नोत्तरांचा तास.

पण इथे एक अन्याय होतो. सगळेच क्लासिकल पियानिस्ट त्या तासाला बसलो असं म्हणत नाहीत. काही जण सरळ सांगतात, मी लिहिलेलंच वाजवतोय. फ्रेंच पियानिस्ट ज्याँ-इव्ह तिबोदेने 1997 मध्ये बिल इव्हान्सच्या संगीताची सीडी काढली. इव्हान्सने उत्स्फूर्त वाजवलेलं कुणी तरी ऐकून नोटेशनमध्ये उतरवलेलं, ते त्याने वाजवलं. सूर सुरेख, स्पर्श मखमली. हे जॅझ आहे का? नाही. जॅझचं पाठांतर आहे. पण त्याला जॅझ म्हणून नापास करणं म्हणजे नाटकातल्या नटाला ‘तू कुठे खरा राजा आहेस’ म्हणण्यासारखं झालं. त्याला वाचन म्हणून मार्क द्या, भरपूर मिळतील.

आणि ही मंडळी निवडतात काय तेही बघा. इव्हान्सचं ‘पीस पीस’ हे 1958 चं सोलो वादन त्यांच्यात भलतंच लाडकं. इगोर लेव्हिटने 2018 च्या आपल्या अल्बममध्येही ते घेतलं. का लाडकं? डाव्या हातात दोनच कॉर्डचा झुला शेवटपर्यंत, बास नाही, ड्रम्स नाहीत, स्विंग नाही. माझ्या वरच्या तीन प्रश्नांतले दोन तिथे विचारलेच जात नाहीत. हुशार निवड! पण तिसरा प्रश्न उरतोच. इव्हान्स ते वाजवत होता तेव्हा उजव्या हाताला पुढे काय येणार हे ठरलेलं नव्हतं. लेव्हिटच्या उजव्या हाताला सगळं माहीत आहे. तरीही तो इतका हळू, इतका जपून जातो, की माहीत नसल्यासारखं वाटतं. याला मी पैकीच्या पैकी देते. फक्त विषय वेगळा लिहिते.

सगळ्यांत प्रामाणिक माणूस म्हणजे निकोलाय कापुस्तिन. युक्रेनमध्ये 1937 साली जन्मलेला, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला, मग ओलेग लुंडस्ट्रेमच्या बिग बँडमध्ये पियानो वाजवलेला. 2020 मध्ये गेला. त्याच्या संगीताला जॅझचा रंग, चव, वास सगळं आहे आणि तरी त्यातला शेवटचा सूरसुद्धा कागदावर लिहिलेला आहे. त्याचे 1984 चे आठ कॉन्सर्ट एट्यूड्स ऐका, डोकं गरगरेल. पण त्याने स्वतःच सांगून टाकलं होतं, मी जॅझवाला नाही. विषय संपला. पाटी खरी असली की भांडणच राहत नाही.

जो खरोखर पाण्यात उतरला

म्हणून माझा खरा हिरो फ्रीडरिश गुल्डा. व्हिएन्नाचा. जन्म 1930 चा. सोळाव्या वर्षी जिनिव्हाची मोठी स्पर्धा जिंकली, विसाव्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं. बीथोव्हनचे 32 सोनाटा हा त्याच्या हातचा मळ. आयुष्यभर तेवढंच केलं असतं तरी पुतळा उभा राहिला असता.

या माणसाने काय केलं? 1956 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये जॅझ वाजवायला बसला. ज्या क्लबला चार्ली पार्करच्या टोपणनावावरून नाव मिळालं, तिथे! बरोबर फिल वुड्स, जिमी क्लीव्हलंड असे पक्के अमेरिकन जॅझवाले. त्याचं रेकॉर्डिंग आहे. मी किती तरी वेळा ऐकलंय. खरं सांगू? गुल्डा तिथे शहाण्या मुलासारखा वाजवतो. नीटनेटकं, सभ्य, ठेका जरा इस्त्री केलेला. फिल वुड्सचा सॅक्सोफोन सुरू झाला की खोलीचं तापमान बदलतं आणि पियानो आला की कुणी तरी एसी लावल्यासारखं वाटतं.

म्हणजे नापास? थांबा. पहिल्या दिवसावरून माणसाचं अप्रेझल करायचं नसतं, हे आपल्याशिवाय कुणाला जास्त कळणार!

गुल्डाने नाद सोडला नाही. क्लासिकलवाले म्हणायचे, पोराचं डोकं फिरलंय. जॅझवाले म्हणायचे, पाहुणा आहे, चहा द्या. हा दोन्हीकडे ऐकून घेत राहिला. आणि 1966 मध्ये त्याने व्हिएन्नात तरुण वादकांसाठी मॉडर्न जॅझची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. परीक्षक कोण? कॅननबॉल ॲडर्ली, जे. जे. जॉन्सन, जो झाविनुल, रॉन कार्टर. प्राध्यापक नाहीत, समीक्षक नाहीत. क्लबमध्ये रात्री जागवलेली माणसं. बासमध्ये तिथे मिरोस्लाव विटूश नावाचा प्रागचा पोरगा पहिला आला. चारच वर्षांनी हा विटूश आणि परीक्षकांमधला झाविनुल वेन शॉर्टरबरोबर ‘वेदर रिपोर्ट’ हा बँड काढणार होते.

मला यातलं काय आवडतं सांगू? ज्याच्या जॅझला सगळे मार्क देत सुटले होते, त्याने मार्क कुणी द्यायचे हे बरोबर ओळखलं. ज्यांना ठेका कळतो त्यांनी.

मग 1982. म्युनिक. दोन पियानो समोरासमोर. एकावर गुल्डा, दुसऱ्यावर चिक कोरिया. आधी ठरवलेलं फारसं काहीच नाही. दोघं चाचपडतात, एकमेकांच्या शेपट्या ओढतात, मध्येच ‘समडे माय प्रिन्स विल कम’ सापडतं. इथे गुल्डा ऐकतो. कोरियाने काही टाकलं की उचलतो, परतवतो, कधी चक्क हात मांडीवर ठेवल्यासारखा गप्प राहतो. 1956 चा शहाणा मुलगा कुठे गेला कळत नाही. मधल्या सव्वीस वर्षांची ही फी होती. पुढच्या वर्षी हेच दोघं आर्नोनकूरच्या हाताखाली ॲम्स्टरडॅमच्या ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टचा दोन पियानोंचा कन्चेर्टो वाजवायला बसले. आता पाहुणा कोरिया होता!

गुल्डा शेवटपर्यंत वात्रटच राहिला. 1999 मध्ये त्याने स्वतःच्या निधनाची बातमी उठवली आणि नंतर ‘पुनरुत्थाना’चा कार्यक्रम केला. पुढच्या जानेवारीत, मोझार्टच्या वाढदिवशी, 27 तारखेला खरंच गेला.

आपल्याच शहरातला पुरावा

नोटेशनवर वाढलेल्याला जॅझ येईल का, या प्रश्नाचं एक उत्तर तर आपल्या मुंबईतच आहे. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड अशा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचे बँड वाजायचे. आणि गोव्याहून येणारे वादक चर्चच्या शाळांमध्ये सोल्फेज आणि नोटेशन घोटून आलेले. कागद दिला की धडाधड वाचणार. म्हणजे माझ्यासारखेच! फरक इतकाच, की ते रात्रीमागून रात्री या अमेरिकनांच्या शेजारी बसून वाजवत राहिले. त्या पिढीतून चिक चॉकलेटसारखा ट्रम्पेटवाला निघाला. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. पुढे आपले सी. रामचंद्र म्हणजे चितळकर अण्णा यांच्याबरोबर त्याने 1951 च्या ‘अलबेला’त धमाल उडवली. त्या गाण्यांवर आपल्या आजी-आजोबांचे पाय थिरकले, ते उगीच नाही.

म्हणजे रक्तबिक्त काही नसतं. शेजारी कोण बसलंय आणि किती रात्री बसलंय, एवढाच प्रश्न असतो.

तर मार्क असे द्या

पुढच्या वेळी एखादा सूटबूटातला पियानिस्ट मैफिलीच्या शेवटी ‘आता थोडं जॅझ’ म्हणाला, तर आधी पाटी वाचा. लिहिलेलं वाजवतोय? मग वाचन म्हणून ऐका, मनापासून टाळ्या वाजवा. स्वतः घडवतोय म्हणतो? मग बासवाल्याच्या बाजूने ऐका, आणि जॅझवाल्याला जे मार्क देता तेच द्या. एकही ग्रेस मार्क नको. ‘क्लासिकलवाल्याच्या मानाने छान’ हा अपमान आहे, दोन्ही संगीतांचा. किथ जॅरेटने 1987 मध्ये बाख रेकॉर्ड केला तेव्हा त्याने बाखला जॅझची फोडणी घातली नाही आणि सवलतही मागितली नाही. बाख बाखसारखा वाजवला. तीच अट इकडच्यांना.

या वीकएण्डला गृहपाठ म्हणून दोनच गोष्टी ऐका. गुल्डाचं 1956 चं बर्डलँड आणि 1982 ची कोरियाबरोबरची भेट. एकामागोमाग. मधला फरक कानांनी पकडलात, तर हा कॉलम परत वाचायची गरज नाही.

आणि हो, माझं काय झालं? सध्या दर गुरुवारी ऑफिस सुटलं की मी त्या बासवाल्याकडे जाते. तो बारा चौकोन काढतो, मी डावा हात मांडीखाली दाबून बसते. अक्षरशः. पहिले दोन महिने तो दर अर्ध्या मिनिटाला हात वर करायचा. ‘‘परत. ऐक आधी.’’ गेल्या गुरुवारी बाराच्या बारा चौकोन झाले, परत पहिल्यावर आलो, आणि त्याने हात वर केला नाही. नुसती मान हलवली आणि वाजवत राहिला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘सर्टिफिकेट कधी देणार?’’